बुंध्यावर हात

फोल्कमार ड्रेसेल आलुबुखाराचा केक घेऊन दारात उभा राहिला, तेव्हाच हाइड्रूनने ओळखायला हवं होतं. हा गावचा सरपंच, दोघं एका वर्गात शिकलेले, आणि इतक्या वर्षांत त्याने तिच्या घरी साधा बिस्किटांचा पुडा आणला नव्हता. तरी तिने कॉफी ठेवली, बागेतल्या टेबलावर दोन बशा मांडल्या आणि केकवरच्या गांधीलमाश्या हाकलत तो मुद्द्यावर येण्याची वाट पाहत बसली.

"उद्या फेरी आहे," फोल्कमार म्हणाला. "तो इंग्रज येतोय, पेटिफर. दुभाषी तू आहेसच."

"आहे."

"तर एक बारीकशी गोष्ट. दक्षिण उताराचा विषय निघाला की तू आपला एकच शब्द धर. तरुणीकरण. तो काहीही बोलू दे, तू म्हणायचं, जंगलाचं तरुणीकरण."

"आणि तो काय बोलणार आहे?"

फोल्कमारने केकचा मोठा घास घेतला. तोंड भरलेलं असलं की उत्तर द्यावं लागत नाही, हे त्याला शाळेपासून ठाऊक होतं.

हाइड्रून केस्टनर जिल्ह्याच्या गावी वनशाळेत इंग्रजी शिकवायची. साधं इंग्रजी नव्हे, ते पोरांना येतंच. जंगलाचं इंग्रजी. सालीला, बुरशीला, मातीच्या थरांना, ओढ्याकाठच्या दलदलीला इकडे काय म्हणतात आणि तिकडे काय. त्यात तिची उमर गेली होती, आणि एवढ्या वर्षांत शब्दांबरोबर एक संतापही तिच्या गाठीला बांधला गेला होता. दोन्ही भाषांत झाडं तोडण्यासाठी ढीगभर शब्द आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत करवत कुठे दिसत नाही. जर्मन म्हणणार, झाड 'काढून घेतलं', जंगलाचा 'उपयोग केला'. इंग्रज म्हणणार 'कापणी', जसा काही दरसाल उगवणारा गहूच. दीडशे वर्षांच्या बीचच्या झाडाला एक म्हणणार 'तोडीला पिकलेला' आणि दुसरा म्हणणार 'वय उलटलेला'. अजून तेवढीच वर्षं उभं राहू शकणारं झाड, त्याला वय उलटलेलं म्हणताना यांची जीभ जरा तरी अडखळावी की नाही? आणि या सगळ्यांत गोंडस शब्द म्हणजे तरुणीकरण. वरची म्हातारी झाडं थोडी थोडी काढली, खाली ऊन पोचू दिलं, की रोपं वर येतात. निवडून, सावकाश, एका माणसाच्या सगळ्या नोकरीभर केलं तर तो शब्द खराही असतो. ती स्वतःच तो फळ्यावर लिहायची.

"खोटं बोल असं मी म्हणतच नाहीये," घास गिळून फोल्कमार म्हणाला. "तुमच्याच शाळेतला शब्द आहे तो."

"शाळेत तो तीस वर्षांच्या कामाला आहे. तुम्ही किती दिवसांत करणार?"

"जानेवारीत."

"जानेवारीत काय करणार?"

"उतार."

"सगळा?"

"हाइड्रून, अगं डोळे उघडून बघ ना जरा. स्प्रूसच्या झाडांचं सगळं जंगल भुंग्याने खाल्लं. मातीमोल विकलं आपण. पोहण्याचा तलाव दुरुस्तीच्या पैशांअभावी दोन उन्हाळे बंद आहे, पोरं बसने शेजारच्या गावात जातात, तिथले लोक आपल्याला हसतात. उरलंय काय? बीच. त्याला आज गिऱ्हाईक आहे, उद्या नसेल."

तलावाचं तो खरं बोलत होता. त्या तलावात पोहायला शिकलेल्यांत ती स्वतःही होती. पण दक्षिण उतार जिथे संपतो, त्याच्या वरच्या अंगाला गावाचा विसावा होता. तिथे बीचच्या मुळांशी गावातल्या माणसांची राख पुरलेली होती, खोडावर हाताच्या पंजाएवढी पाटी, त्यावर नाव. हाइड्रूनची आई तिथे होती, अगदी कडेच्या झाडाखाली. बीचची साल पातळ, माणसाच्या कातडीसारखी. जन्मभर सावलीत वाढलेल्या खोडावर एकदम दक्षिणेचं ऊन पडलं की ती भाजते, फुटते, आत बुरशी शिरते आणि झाड उभ्या उभ्या मरायला लागतं. उतार बोडका झाला तर विसाव्याची कड आधी जाईल, मग तिच्या मागची ओळ, मग तिच्या मागची. हे फोल्कमारलाही माहीत होतं. त्याचा बाप तिथेच होता, फक्त चांगला आत, मधोमध.

"कडेच्या झाडांचं काय?" तिने विचारलं.

"बघू की. झाडं काय अशी लगेच मरतात होय?"

"दुभाषी समोरचा जे बोलतो ते बोलते, फोल्कमार. मी शब्द बदलणार नाही."

"बरं बाई, नको बदलूस. मग माझे तरी बदलू नकोस. मी तरुणीकरणच म्हणणार आहे." तो उठला. उरलेला केक त्याने कागदात नीट गुंडाळला आणि परत घेऊन गेला.

नाही म्हणून टाकावं असं तिच्या मनात आलं होतं. पण ती नसती तर फोल्कमारने आपल्या भाच्याला उभं केलं असतं. तो पोपटासारखा मामाचा शब्द बोलला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं. एलर्सहागेनचं जंगल सरकारचं नाही आणि कुणा एकाचंही नाही. जुन्या घरांचा त्यात वाटा असतो, बापाकडून लेकाकडे, आईकडून लेकीकडे येणारा, आणि या वाटेकऱ्यांची वनमंडळी दर ऑक्टोबरात जंगलाची फेरी करते. हिरव्या टोप्या, काठ्या, खिशात दारूच्या छोट्या बाटल्या, आणि शेवटी झोपडीपाशी वाटाण्याचं सूप. बोलायचं ते त्या त्या झाडापाशी थांबून. ज्याला बोलायचंय त्याने बुंध्यावर हात ठेवायचा. हात आहे तोवर बोलणं त्याचं, मत मागायचं तर प्रश्नही त्यानेच विचारायचा, आणि मधे कुणी त्याला तोडायचं नाही. एकदा ओटिलीकाकूचा नवरा हान्स कुंपणाच्या वादात जेवणाची वेळ टळेपर्यंत हात ठेवून उभा होता. लोक शिव्या घालत होते, पण मनातल्या मनात. सूप दोनदा गरम करावं लागलं.

ओटिलीकाकू आता नव्वदीला आली होती. हातात दोन काठ्या, तरी चढावर सगळ्यांच्या पुढे. महायुद्धानंतर बोडक्या डोंगरांवर बायकांनी स्प्रूसची रोपं लावली, त्यांत ती आणि हाइड्रूनची आई जोडीने गुडघ्यांवर बसून असायच्या. जुन्या अर्ध्या मार्काच्या नाण्यावर रोप लावणारी तशी एक बाई असायची. काकू ते नाणं दाखवून म्हणायची, ही मीच आहे, फक्त नाक माझं जास्त चांगलं आहे.

"तुझ्या आईने लावलेला स्प्रूस गेला बघ सगळा," चढावर ती हाइड्रूनला म्हणाली. "बरं झालं, बघायला नव्हती."

"काकू, तुम्ही बघितलात ना."

"माझे डोळे अधू आहेत. मी नाही बघितला."

पेटिफर उंच, लाल कानांचा, भिडस्त माणूस होता. लाकडाच्या कंपनीकडून आला होता, बूट चांगले वापरलेले होते आणि झाड पाहताना टोपी काढत होता. हाइड्रूनला तो आवडू नये असं तिला फार वाटत होतं, पण तो आवडला. दुभाष्याची रीत अशी की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. 'हे म्हणतात' नाही, 'साहेबांचं म्हणणं असं' नाही. सकाळपासून ती पेटिफर होऊन बोलत होती आणि फोल्कमार होऊन बोलत होती. ओकच्या थांब्यावर ती वनाधिकारी थीलेबाई झाली, ओढ्याच्या थांब्यावर सरपंचाच्या मेव्हण्याचा खोकला सोडून बाकी सगळं झाली. तिचं स्वतःचं एक अक्षरही त्यात नव्हतं.

मग दक्षिण उतार आला. धुकं विरळ झालं होतं. बीचचे करडे बुंधे खालपर्यंत सरळ गेले होते, मधे भरपूर जागा सोडून, आणि वर चढावर विसाव्याच्या हद्दीचे पांढरे खुंट दिसत होते. फोल्कमारने वाटेवरच्या सगळ्यांत जाड बुंध्यावर तळहात ठेवला.

"मंडळी, हा उतार म्हातारा झालाय," तो म्हणाला. "त्याला तरुण करायचंय. आपल्या नातवंडांना तरुण जंगल द्यायचंय. त्यासाठी हे पाहुणे आपल्याबरोबर आहेत. दोन शब्द तेही बोलतील."

हाइड्रूनने ते पेटिफरला जसंच्या तसं सांगितलं. तरुणीकरणाला इंग्रजीत जो शब्द आहे तो ऐकून पेटिफरने भुवया उंचावल्या. मग तो बोलायला लागला, आणि त्याने काहीही लपवलं नाही. हाइड्रूनचं डोकं भडकलं ते याच गोष्टीने. परका माणूस उघड बोलत होता आणि घरचा माणूस साखरेत घोळवत होता.

"मी हा सगळा उतार घेणार," पेटिफरचं बोलणं ती मंडळींना सांगू लागली. "एकाच वेळी, जानेवारीत, जमीन गोठलेली असताना. पांढऱ्या खुंटांपर्यंत. मागे एकही मोठं झाड राहणार नाही."

"म्हणजे तरुणीकरण," फोल्कमार मोठ्याने म्हणाला.

मंडळींतून सुस्कारा निघाला. कुणी मान हलवली, कुणी खिशातली बाटली काढली. थीलेबाई जमिनीकडे बघत होत्या. बुटाच्या टोकाने त्यांनी एक पान उलटवलं, मग परत सुलटं केलं.

"आणखी एक सांगायचंय," हाइड्रून पेटिफरच्या पुढच्या वाक्यावर आली. "वरच्या तुमच्या माणसांच्या झाडांवर एकदम ऊन येईल. मी सरपंचांना हे आधीच सांगितलंय. ती झाडं भाजून..."

"ते राहू दे," फोल्कमार म्हणाला. "ते तांत्रिक आहे."

"त्यांचं वाक्य अर्धं राहिलंय."

"हात कुणाचा आहे बुंध्यावर? माझा. मी म्हणतो राहू दे."

ती थांबली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण रीत ती रीत. तिच्या आईचं झाड वर तीस पावलांवर होतं, आणि त्याच्या मरणाचं वाक्य अर्धवट तिच्या तोंडात अडकलं होतं. ते पुरं करायची परवानगी तिला एका केकवाल्याकडून मागायची होती. पेटिफर तिच्याकडे बघत होता. आपलं पुढचं बोलणं अजून का पोचत नाही, हे त्याला कळेना.

"तर आता मत घेऊन टाकू," फोल्कमार म्हणाला, "सूप वाट बघतंय." लोक हसले. त्यालाही बरं वाटलं. मनासारखं झालं की या माणसाला हात मिळवायची जुनी खोड. घोड्याचा सौदा असो की तलावाचं उद्घाटन, आधी हात पुढे. तो वळला, तोंडभर हसला आणि पेटिफरचा हात दोन्ही हातांत घेऊन खालीवर हलवू लागला.

दोन्ही हातांत.

हाइड्रून दोन पावलं पुढे झाली आणि तिने मोकळ्या बुंध्यावर तळवा टेकवला. साल थंड आणि ओलसर होती.

"मी केस्टनरांच्या वाट्याची," ती म्हणाली. "बोलायचंय."

फोल्कमारने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याचं हसू अजून तोंडावरच होतं. "अगं, तू दुभाषी आहेस आज."

"होते. आता पेटिफरसाहेबांना दुभाषी नाही. थोडा वेळ कळ काढतील."

"हात काढ."

"तू काढलास तो तुझा तू. माझा मी काढेन तेव्हा काढेन."

मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं, पण ते हसू होतं.

"साहेब जे म्हणाले ते मी सगळं सांगत होते आणि मला गप्प केलं," हाइड्रून म्हणाली. "वरची झाडं मरणार आहेत. उद्या नाही. दोन उन्हाळ्यांत साल फुटेल, पाचसहा वर्षांत फांद्या पडायला लागतील, मग तिथे जायला बंदी येईल, मग तीही तोडतील. आणि तेव्हाही हा फोल्कमार एखादा गोड शब्द शोधेल. सुरक्षितता म्हणेल. मी पोरांना हे शब्द शिकवते, मला लाज वाटते. अरे, विका ना. तलाव हवाय तर म्हणा, आम्हाला तलाव हवाय, त्यासाठी आमच्या आयांची झाडं देतो. तेवढं तोंड असेल तर द्या. पण तरुण करतो म्हणून म्हाताऱ्यांच्या मानेवर करवत ठेवायची, हे मला ऐकवत नाही. आणि तुम्हाला सगळ्यांना फसवलं जातंय हेही बघवत नाही."

मग ओटिलीकाकूने काठी पुढे टेकली.

"मधे बोलते, माफ कर," ती म्हणाली. "पण फसवलं कुणी नाही गं आम्हाला."

"म्हणजे?"

"तो साहेब 'ऑल' म्हणाला. ऑल म्हणजे सगळं. एवढं इंग्रजी मलाही येतं, अमेरिकन सैनिकांनी चॉकलेट वाटताना शिकवलं होतं. सगळी घेऊ नका म्हणायचे." तिने दुसरी काठीही टेकली. "आम्हाला परवापासून माहीत आहे. इथे प्रत्येकाला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? फोल्कमारचा शब्द चांगला होता. त्या शब्दाला हात वर होत होता."

हाइड्रूनने मंडळींकडे पाहिलं. बेकरीवाला टोपीची कड चाचपत होता. हाइड्रूनची शेजारीण वर विसाव्याकडे बघत नव्हती, नेटाने खाली दरीकडे बघत होती. रात्रभर ती एका माणसावर चिडत पडली होती, आणि इथे पूर्ण गावाने मिळून तो शब्द पांघरला होता. फोल्कमारने तो फक्त शिवून आणला होता. तिला त्यांचा इतका राग आला की क्षणभर वाटलं, हात काढावा, घरी जावं, घ्या म्हणावं तुमचा तलाव. आईने आणि या काकूने गुडघे झिजवून लावलेलं जंगल भुंग्याने खाल्लं, त्याचा दोष कुणाला देता येत नव्हता. हे मात्र भुंगा करत नव्हता.

"काकू, तुमचे हान्स तिसऱ्या ओळीत आहेत," ती म्हणाली.

"ठाऊक आहे मला ते कुठे आहेत."

"झालं आता," फोल्कमार म्हणाला. त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. "बोलून झालं ना? सगळ्यांना माहीतच आहे तर मत घेऊ. हात काढ, मी विचारतो."

"माझा हात आहे, मी विचारणार."

"हाइड्रून, शहाणपणा पुरे."

"रीत तुझ्या बापाने मला शिकवली. त्यालाच विचार वर जाऊन." ती मंडळींकडे वळली, पण तळवा सालीवरून ढळू दिला नाही. "विषय असा आहे. जानेवारीत या उतारावरचं प्रत्येक झाड कापायचं आणि वरची आपल्या माणसांची झाडं उन्हात मरू द्यायची. हे ज्यांना हवंय त्यांनी हात वर करावा."

धुक्यातून थेंब पडत होते. खाली झोपडीपाशी कुणीतरी सुपाच्या पातेल्यावर झाकण आपटलं. बेकरीवाल्याचा कोपर जरासा हलला आणि त्याने नाक पुसलं. ओटिलीकाकूचे दोन्ही हात काठ्यांवर होते, ते तिथेच राहिले.

हाइड्रूनने फोल्कमारकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, तिरस्काराने म्हणावं तर तसं, आणि त्याचा उजवा हात खरंच उठला, छातीपर्यंत आला. मग त्याची नजर तिच्या डोक्यावरून वर चढावर गेली. हाताने कोटाचं वरचं बटण शोधलं, लावलं आणि तो खाली आला.

"कोणी नाही," थीलेबाई पहिल्यांदाच बोलल्या, आणि मोठ्याने बोलल्या.

"पुढच्या वर्षी बघू," फोल्कमार म्हणाला. "सूप." जाता जाता तो तिच्याजवळ थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, "गावासाठी पुन्हा दुभाषी म्हणून उभी राहू नकोस. आणि तलाव का बंद आहे हे पोरांना तूच सांग."

"सांगेन. सरळ शब्दांत सांगेन."

मंडळी एकेक करून उतरायला लागली. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. काही जण तर तिला वळसा घालून गेले, तिने त्यांच्या ताटातलं काही उचलून नेल्यासारखं. तिची शेजारीण जाताना पुटपुटली, "इतकं उघडं बोलायची काय गरज होती?" ओटिलीकाकूही उतरायला लागली. चार पावलांवर तिने एक काठी उलट धरून बीचच्या एका बुंध्यावर टकटक केली, दार वाजवावं तशी, आणि पुढे निघाली.

हाइड्रूनचा हात अजून तिथेच होता. बोटं बधिर झाली होती.

पेटिफर तेवढा मागे राहिला होता. टोपी हातात घेऊन तो तिच्या समोर उभा राहिला. सगळ्यांचे चेहरे त्याने वाचले असणार, पण शब्द एकही त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

"मला कोणी सांगेल का," त्याने इंग्रजीत विचारलं, "शेवटी तो प्रश्न तुमच्या तोंडून कोणी विचारला?"

सकाळपासून तिने तो शब्द इतक्यांदा, इतक्यांच्या वतीने उच्चारला होता की आता तो तोंडात नवा लागला.

"मी," ती म्हणाली.